पुण्यात बॉल-इन-हँड, लीड्सच्या पबात फ्री शॉट: एट-बॉलचे खरे नियम कोणते?

ओंकार_चिंचवडकर

नमस्कार मंडळी,

मूळचा चिंचवडचा, सध्या इंग्लंडात लीड्समध्ये नोकरीला. कॉलेजची वर्षं वर्गात कमी आणि पूल पार्लरमध्ये जास्त गेली, त्यामुळे हात बरा आहे असं आपलं मला वाटतं. ऑफिसशेजारच्या पबची एक टीम दर मंगळवारी लीग खेळते. त्यांचा एक गडी कमी पडतोय, म्हणून कॅप्टनने मला बोलावलंय.

काल सरावाला गेलो आणि डोकं चक्रावलं. टेबल एवढुसं. बॉलवर आकडे नाहीत, स्ट्राइप-सॉलिडची, म्हणजे पट्ट्याचे आणि एकरंगी बॉल अशी, भानगड नाही. सात लाल, सात पिवळे, एक काळा. खेळ मात्र तोच एट-बॉल, आपले सात टाकून शेवटी काळा, म्हणजे आपला आठ नंबर. पांढरा तर बाकीच्यांपेक्षाही बारका! समोरच्याचा फाउल झाला तेव्हा मी विचारलं, पांढरा कुठे ठेवू? तिघांनी तीन उत्तरं दिली. एक म्हणाला, आधी एक फ्री शॉट आणि मग तुझी नेहमीची पाळी. बारजवळ बसलेले एक आजोबा म्हणाले, दोन शॉट, पण ब्लॅकवर एकच. तिसरा म्हणाला, ज्यांचं टेबल त्यांचं खरं. पुण्यात आम्ही सरळ पांढरा उचलून वाट्टेल तिथे ठेवायचो, म्हणजे बॉल-इन-हँड.

त्यात न्यू जर्सीची मावसबहीण म्हणते, आमच्याकडे ब्रेकला, म्हणजे बॉल फोडायच्या पहिल्या शॉटला, आठ नंबर पडला की गेम तिथेच जिंकला. हेही मी कधी पाहिलेलं नाही.

तर जाणकारांनो, यातलं खरं काय? आणि पुण्याहून माझा तेरा मिलिमीटर टिपचा क्यू मागवून घेऊ का? आई पुढच्या महिन्यात येतेय, ती आणेल.

गण्या_ठाणे

खरा नियम एकच, हरणारा टेबलाचे पैसे देतो. बाकी सगळं मिथ्या.

टेबलवाले_काका

ओंकार, नियमांचं पुस्तक बाजूला ठेव आणि आधी टेबलाखाली वाकून बघ.

माझा जन्म टेबलाखालीच गेला म्हण ना. वडील एका जिमखान्यात मार्कर होते. पोरवयात त्यांच्याबरोबर मी स्कोअर लिहायचो, कापडाला ब्रश मारायचो, बिलियर्ड्सच्या टेबलाला इस्त्री करायचो. पुढे टेबलं बसवणं, लेव्हल काढणं, कापड आणि रबर बदलणं हाच धंदा झाला. त्यामुळे मला नियम आधी टेबलात दिसतात, मग कागदावर.

तुझं पबातलं टेबल नाण्यावर चालतं. नाणं टाकलं की पंधरा बॉल धडधडत खाली येतात. त्यानंतर जो रंगीत बॉल पडेल तो पोटात जातो आणि पुढचं नाणं पडेपर्यंत तिथेच कोंडलेला राहतो. पण पांढरा पडला तर तो परत मिळायलाच हवा, नाहीतर खेळ बंद. मग यंत्राने पांढरा ओळखायचा कसा? इंग्रजांनी तो लहान केला. रंगीत बॉल दोन इंची, पांढरा एक पूर्णांक सात अष्टमांश इंच. आत उताराची पन्हाळ असते, तिच्यातल्या फटीतून बारका पांढरा खाली उतरतो आणि मोठे पुढे सरकून अडकतात. अमेरिकेतल्या बारवाल्यांनी नेमकं उलटं केलं. तिथले बॉल सव्वादोन इंची आणि जुन्या टेबलांवर पांढरा त्याहून मोठा, दोन पूर्णांक तीन अष्टमांश. आता तिकडे लोहचुंबकाने ओढले जाणारे पांढरे आलेत, त्यामुळे माप सारखं ठेवता येतं.

आता गंमत बघ. व्यासातला फरक एक अष्टमांश इंच, पण वजन घनाच्या हिशोबाने बदलतं. तुझा पांढरा रंगीत बॉलपेक्षा साधारण १८ टक्के हलका, आणि अमेरिकन बारमधला तो जाडजूड पांढरा जवळजवळ तेवढाच जड. हलका पांढरा जड बॉलवर आपटला की मागे यायला तयारच असतो. स्क्रू थोडक्यात होतो, पण फॉलो मारायला, म्हणजे पांढरा पुढे न्यायला, गेलास तर वेग तिथेच मरतो. जड पांढऱ्याचं याच्या उलट. तू स्टन मारून जागेवर थांबवायला जाशील आणि तो हातभर पुढे निघून जाईल. काल तुझा पांढरा तुझं ऐकत नसणार, त्यात हाताचा दोष नाही.

नियमांचंही तसंच. पडलेला बॉल टेबल परत देत नसेल, तर "चुकीचा पडला, परत स्पॉटवर, ठरलेल्या खुणेवर, ठेवा" असा नियम करता येईल का? कोण कुलूप उघडणार? म्हणून एट-बॉलमध्ये रंगीत बॉल पडला की पडला, फाउलमध्ये पडला तरी आतच. आज मोठ्या स्पर्धांच्या नऊ फुटी टेबलावर जाळीतून बॉल सहज काढता येतो, तरी काळा सोडून बाकीच्यांना हाच न्याय आहे. तुझ्या बहिणीचा ब्रेकला आठ पडण्याचा नियमही मला तिथलाच वाटतो. काळा एकदा पोटात गेला की खेळ पुढे नेताच येत नाही. मग द्या त्याला जिंकल्याचं आणि टाका पुढचं नाणं. जागतिक पूल संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूपीएच्या पुस्तकात मात्र तसं नाही. ब्रेक करणाऱ्याने काळा परत स्पॉटवर ठेवून पुढे खेळावं किंवा पुन्हा ब्रेक करावा. तुमच्याकडच्या ब्लॅकबॉलच्या, म्हणजे लाल-पिवळ्या बॉलच्या खेळाच्या, पुस्तकात सरळ परत रॅक लावतात, बॉल त्रिकोणात रचतात, आणि तोच माणूस पुन्हा ब्रेक करतो.

आता तुझी तीन उत्तरं. पहिल्याने सांगितला तो ब्लॅकबॉलचा नियम. फाउलनंतर एक फ्री शॉट, त्यात तू कुठल्याही बॉलला आधी लागू शकतोस, समोरच्याच्यासुद्धा. पांढरा आहे तिथून खेळ किंवा उचलून बॉकमध्ये, म्हणजे ब्रेक करतात त्या बाजूच्या रेषेमागे, ठेव. तो शॉट झाला की तुझी नेहमीची पाळी सुरू. आजोबांनी सांगितला तो जुना पबचा रिवाज, टू शॉट्स. त्याचे पोटभेद गावोगावी. पहिल्या शॉटला बॉल पडला तर दुसरा शिल्लक राहतो की नाही, ब्लॅकवर एक की दोन, यावरून पबात आवाज चढतात. तिसरा सगळ्यात शहाणा. लीग असली तरी फ्रेमआधी समोरच्या कॅप्टनला विचारून घ्यायचं. हात दाखवून अवलक्षण कशाला?

बॉल उचलून वाटेल तिथे ठेवायचा तो डब्ल्यूपीएचा नियम. आणि पुण्यात सगळीकडे तो होता असं समजू नकोस. स्नूकरमधून आलेले लोक जिथे खेळायचे त्या पार्लरांत पांढरा डी-मध्येच, म्हणजे स्नूकर टेबलावरच्या अर्धगोलातच, ठेवायला लावायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पूर्वा_जर्सी

ओंकारची ती मावसबहीण मीच. :) माझं नाव घेऊन गोंधळ घातलाय म्हणून लिहिते.

मी एपीएच्या, म्हणजे अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशनच्या, लीगमध्ये खेळते. अमेरिकेत हौशी लोकांची ही फार मोठी लीग आहे. बहुतेक सामने बारमध्ये, सात फुटी टेबलावर. काका म्हणतात ते पटलं, कारण आमचे नियम खरोखर बारचे नियम आहेत. ब्रेकला आठ पडला आणि पांढरा वर राहिला तर गेम जिंकला. पांढराही पडला तर हरला. फक्त आठ नंबरसाठी पॉकेट सांगावं लागतं, तेही तोंडी नाही, पॉकेटजवळ मार्कर ठेवून. बाकी बॉल फ्लूकने कुठेही पडला तरी चालतो. डब्ल्यूपीएमध्ये प्रत्येक बॉल आणि पॉकेट सांगावं लागतं, आणि उघड दिसत असेल तर न बोलता चालतं.

एक फरक मात्र जीवघेणा आहे. आठ नंबरवर खेळताना पांढरा पडला, आठ पडला नसला तरी, आमच्याकडे गेम गेला. डब्ल्यूपीएमध्ये तो साधा फाउल असतो, समोरच्याला बॉल-इन-हँड मिळतो. एक माणूस दुसरीकडून खेळून आमच्याकडे आला होता, शेवटच्या गेमला त्याचा पांढरा कोपऱ्यात गेला आणि तो आरामात बाजूला होऊन उभा राहिला. गेम संपला हे त्याला सांगायला लागलं. चेहरा बघवेना.

आणि काका, आमच्याकडे हँडिकॅप असतो. प्रत्येकाला दोन ते सात असा स्किल लेव्हल. पाच खेळाडूंची बेरीज २३ च्या वर जाता कामा नये. म्हणजे सगळे तुर्रमखान एका टीममध्ये भरता येत नाहीत, दोन-तीन शिकाऊ घ्यावेच लागतात. मी त्याच कोट्यातून आत आले. हे पुस्तकात आहे म्हणून नाही तर बारमध्ये गर्दी हवी म्हणून आहे, असं माझं मत.

शिवाजीनगरचा_पॉट

एवढा काथ्याकूट कशाला? डब्ल्यूपीए ही जागतिक संघटना. तिचे नियम तेच खरे, बाकी सगळं गल्ली क्रिकेट. २००४ साली अमिरातीतल्या फुजैराला पहिली जागतिक एट-बॉल स्पर्धा झाली, फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस जिंकला, ती कुठल्या पबच्या नियमांनी नव्हती.

टेबलवाले_काका

शिवाजीनगरकर, रेयेसपुढे आपण दोघंही हात जोडू, त्यात वाद नाही. पण ब्लॅकबॉललाही मान्यता डब्ल्यूपीएचीच आहे, तेव्हा "एक संघटना म्हणजे एक नियम" हे तिथेच बारगळतं. आणि ज्या खेळाला आपण गल्लीचा म्हणतोय तिथून कोण आलंय बघा. मार्क सेल्बी. स्नूकरचा जगज्जेता व्हायच्या आधी, २००६ मध्ये, इंग्लंडातल्या ब्लॅकपूल गावात लाल-पिवळ्या बॉलची जागतिक स्पर्धा त्याने जिंकली होती. कार्ल बॉइज त्याच छोट्या टेबलावर वाढला आणि २०१० ला फुजैराला, तुमच्या त्या डब्ल्यूपीएच्या स्पर्धेत, जगज्जेता झाला.

आणखी एक. लाल-पिवळे बॉल बघून आपल्याला वाटतं ही इंग्रजांची टूम. पण १९२५ च्या सुमारास अमेरिकेत ब्रन्सविक कंपनीने याच खेळासाठी सात लाल, सात पिवळे आणि एक काळा असा संच काढला होता. पुढे अमेरिकेने तो सोडला, विलायतेने धरून ठेवला. कोण अस्सल आणि कोण नक्कल, सांगा आता.

स्नूकर तरी कुठून आलं? १८७५ मध्ये जबलपूरच्या मेसमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी ब्लॅक पूल नावाच्या खेळात आणखी रंगीत बॉल घातले, तो त्यांचा घरचाच नियम होता.

ओंकार_चिंचवडकर

काका, वाचून डोक्यात प्रकाश पडला. पूर्वाताई, सॉरी गं.

एक राहिलं. पुण्यात कुशनला चिकटलेला बॉल मी जोरात मारला तरी कोपऱ्यात जायचा. इथे तोच शॉट जॉमध्ये, म्हणजे पॉकेटच्या तोंडाच्या दोन कडांत, दोनदा खडखडतो आणि बाहेर. पॉकेट लहान आहे म्हणून का?

टेबलवाले_काका

लहान आहे, पण तेवढंच कारण नाही. आकार बघ.

अमेरिकन पॉकेटची दोन्ही टोकं सरळ तिरकी कापलेली असतात आणि तोंड मोठं. डब्ल्यूपीएच्या मापाने कोपऱ्याचं तोंड साडेचार इंचांच्या आसपास, बॉल सव्वादोन इंचांचा. म्हणजे शेजारी शेजारी दोन बॉल बसतील एवढं. बॉल कुशनला घासत आला, टोकाला लागला, तरी ती सरळ बाजू त्याला आत ढकलते. तुझ्या पबच्या टेबलाला स्नूकरसारखे गोल जॉ आहेत. गोलाईला बॉल जोरात लागला की समोरच्या गोलाईवर उडतो, तिथून परत इकडे, आणि बाहेर. तोच शॉट हळू सोड, पडेल. तिथले लोक बघ, कुशनवरचा बॉल कुणी दणकावत नाही.

जॉ हा माझा आवडता विषय आहे, म्हणून थोडं लांबवतो. कापड बदलताना रबराच्या टोकाला कापड ओढून मुडपावं लागतं. एक घडी जास्त पडली तर तोंड दोन-तीन मिलिमीटर आवळतं. गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण शनिवारच्या गर्दीत लगेच कळतं, "अरे आज काय पडतच नाहीये." आणि पार्लरवाले हे मुद्दाम सांगून करवून घ्यायचे बरं का! जिथे तासावर पैसे, तिथला मालक म्हणायचा, काका, जरा टाइट करा. फ्रेम लांबली की मीटर चालू. जिथे फ्रेमवर पैसे, तिथला म्हणायचा, सैल ठेवा, पोरं पटापट संपवू देत. एकाच रस्त्यावरच्या दोन पार्लरांत मी एकाच आठवड्यात दोन्ही कामं केलीत. आमच्या पोरांना वाटायचं अमक्या ठिकाणी आपला हात चालतो, तमक्या ठिकाणी नाही.

कापडाचंही लक्षात ठेव. तुझ्या टेबलावर बहुतेक लव असलेलं कापड असेल. तळवा बॉककडून रॅककडे फिरव, मऊ लागेल. उलटा फिरव, खरखरीत. लवेच्या विरुद्ध हळू सोडलेला बॉल शेवटच्या वीतभरात रेषा सोडतो. अमेरिकन टेबलावरचं कापड बिनलवेचं, वेगवान. तिथे बॉल सरळ राहतो पण थांबता थांबत नाही. आपल्या मुंबईत पावसाळ्यात एसी बंद पडला की तेच वेगवान कापड दमट होऊन जड चालतं. जुन्या देशी टेबलांत स्लेटऐवजी मार्बल, त्याची लेव्हल बिघडली की आणखी वेगळी मजा.

इंग्रजी आणि अमेरिकन दोन्ही एकत्र बघायचं असेल तर चिनी एट-बॉलचे सामने बघ, हल्ली त्याला हेबॉल म्हणतात. टेबल नऊ फुटी, बॉल अमेरिकन सव्वादोन इंची, पण कापड लवेचं आणि जॉ स्नूकरसारखे गोल. कोपऱ्याचं तोंड ८५ मिलिमीटरच्या आसपास. बॉल ५७ चा. म्हणजे दोन बॉल सोडाच, दीडच बसतो. अमेरिकन खेळाडू सहज टाकतो ते बॉल तिथे जॉमध्ये अडकतात. त्यामुळे तिथे स्नूकर आणि इंग्लिश पूलवाले जास्त रमले. गॅरेथ पॉट्स हा इंग्लिश पूलचा अनेकदा जगज्जेता झालेला गडी चीनमध्ये जाऊन मोठ्या स्पर्धा जिंकून आला, ते उगाच नाही. एकच पंधरा बॉल, एकच काळा, पण टेबल बदललं की जिंकणारा माणूस बदलतो.

शिवाजीनगरचा_पॉट

पार्लरचं ते टाइट-सैल प्रकरण वाचून माझी कॉलेजची वर्षं नव्याने समजली. काका, डेक्कनजवळच्या जिन्याखालच्या पार्लरचं टेबल तुम्हीच आवळलं होतंत का?

टेबलवाले_काका

गिऱ्हाइकाची गुपितं सांगत नसतात.

ओंकार_चिंचवडकर

आज कॅप्टनला गाठलं. आमची लीग ब्लॅकबॉलच्या नियमांनी चालते. फ्री शॉट आणि मग पाळी, पांढरा हवा तर बॉकमध्ये. जंप शॉट मारला तर फाउल, हे त्याने दोनदा बजावलं. आजोबांच्या टीमशी पुढच्या महिन्यात मॅच आहे, ते मात्र मैत्रीपूर्ण सामन्यात अजून दोन शॉटवरच अडून बसतात म्हणे. क्यूचं काय करू तेवढं सांगा, आईला आज फोन करतोय.

टेबलवाले_काका

जंप शॉट अमेरिकन नियमांत चालतो, म्हणून तुझ्यासारख्यांना सवय असते. कॅप्टन हुशार दिसतोय.

क्यू आणवू नकोस. तेरा मिलिमीटरची टिप सव्वादोन इंची बॉलसाठी ठीक. तुझा तो बारका पांढरा तिच्यापुढे बराच झाकून जाईल, साइड, म्हणजे बाजूची फिरकी, किती लागतेय हेच कळणार नाही. तिकडे साडेआठ-नऊ मिलिमीटर टिपचा, ॲशचा क्यू मिळतो, साधा दोन तुकड्यांचा बघ. ॲशच्या दांड्यावर बाणासारख्या रेषा असतात. त्यातली एक टोकाजवळ वरच्या बाजूला धरलीस की क्यू दर वेळी त्याच कोनात बसतो. महागडा घेऊ नकोस, पबात बिअर सांडते. टिप मात्र नवी असेल तर पहिल्या संध्याकाळी मॅच खेळू नकोस. दोन-तीन तास मारून ती दबू दे, कडा फुगली तर बारीक सॅंडपेपरने खाली घास आणि मग घुमटासारखी गोल कर.

आणि पहिल्या मंगळवारी ब्रेक तू करणार असशील तर एक ध्यानात घे. ब्लॅकबॉलमध्ये एकही बॉल पडला नाही, तर निदान दोन बॉल मधल्या पॉकेटांच्या रेषेपलीकडे जायला लागतात. डब्ल्यूपीएसारखं चार बॉल कुशनांना लागले की झालं, असं तिथे नाही. तेव्हा हलकासा सेफ ब्रेक मारू नको. छोट्या टेबलावर जोरही फार लागत नाही. रॅकच्या पहिल्या बॉलला बरोबर मधोमध गाठ, आणि पांढरा कोपऱ्यात जाणार नाही इतकाच जोर ठेव.

ओंकार_चिंचवडकर

ठरलं. आईला क्यूऐवजी चकली आणायला सांगतो, टीमलाच खायला घालेन.

गण्या_ठाणे

आजोबांना दोन दे. ब्लॅकवर एकच.